वळचणीला टांगलेली रास्ना

मित्रांनो, मला बांडगूळ म्हणू नका. दुसरं काहीही म्हणा, पण ते नाव घेऊ नका.

मी रास्ना आहे. धानोऱ्याकडच्या जंगलात मला बांदा म्हणतात आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. कारण फांदीत मुळं घुसवून झाडाचा रस पिणारं जे बांडगूळ असतं, त्यालाही तिकडे बांदाच म्हणतात. दोघांना एकच नाव आणि दोघंही फांदीवर. मग जवळ येऊन बघण्याचे कष्ट कोण घेतो! कुणी बघितलं असतं, तर त्याला दिसलं असतं की माझी मुळं सालीला नुसती धरून असतात, आत शिरत नाहीत. पावसाचं पाणी, पहाटेचं दव, सालीच्या भेगांत कुजलेला पाचोळा आणि मोकळा वारा, एवढ्यावर मी जगते. झाडाकडून मी फक्त बसायला जागा घेते. तरी आयुष्यभर मी ऐकत आले की ही दुसऱ्याच्या जिवावर जगते. आणि माझ्याबरोबर एका माणसालाही तेच ऐकावं लागलं. म्हणून मला अजून राग येतो, आणि ही गोष्ट मी तुम्हाला रागातच सांगणार आहे.

माझा जन्म एका जुन्या मोहावर झाला. माझं बी धुळीच्या कणाएवढं असतं. वारा त्याला कुठे नेईल ते सांगता येत नाही. मला त्याने टोल्याच्या वाटेवरच्या या मोहाच्या खांद्यावर आणून टाकलं. टोला म्हणजे जंगलातली दहा-बारा घरांची वस्ती. मला पहिलं पान फुटायला एक पावसाळा गेला आणि पहिलं फूल यायला किती उन्हाळे गेले ते मलाही सांगता येणार नाही. माझी पानं पट्ट्यासारखी जाड असतात, समोरासमोर दोन ओळींत येतात आणि त्यांची टोकं कुणीतरी दाताने कातरल्यासारखी दिसतात. फूल मात्र बघण्यासारखं असतं. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी रेघांची चौकट आणि मध्ये जांभळी जीभ. शिवाय वास. त्या वासासाठी मधमाश्या दूरवरून येत.

मोह पत्रूच्या घरचा होता. म्हणजे कागदावर नव्हे, पण त्याची फुलं वेचायची ती पत्रूच्या घरानेच, हे साऱ्या टोल्याला मान्य होतं. पत्रूची मुलगी बुधरी झाडाखालची जागा झाडून ठेवी आणि उजाडायच्या आत टोपली घेऊन येई. एकदा फुलं खायला अस्वल आलं, तर ही पळाली नाही. टोपली दगडावर आपटत अशी काही ओरडली की अस्वलच निघून गेलं. मी वरून बघत होते. ही पोर मला तेव्हाच आवडली. तिच्या नाकावर राग असे, पण तो राग योग्य ठिकाणी निघे. हे फार थोड्यांना जमतं. तिच्या बापाला तर मुळीच जमत नसे.

मालगुजाऱ्या, म्हणजे तिकडच्या जमीनदाऱ्या, गेल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जंगलात लाकडाचे ट्रक येऊ लागले. बैलगाडीची वाट त्यांना अरुंद पडे आणि आमचा मोह नेमका वळणावर होता. ठेकेदाराचा माणूस आला, त्याने खोडावर चुन्याची खूण केली आणि कुऱ्हाडी चालू झाल्या. पत्रू बाजूला उभा राहून बघत होता. बापजाद्यांचं झाड त्याच्यासमोर तुटत होतं, पण ठेकेदाराच्या माणसासमोर त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. झाड आडवं झालं, तो माणूस सायकलवर बसून गेला आणि मग पत्रूला वाचा फुटली. मोडलेल्या फांदीवर मी लोंबकळत होते. माझ्याकडे काठी दाखवून तो म्हणाला, "हा बांदा! यानंच झाड खाल्लं. बांदा बसला त झाड राह्यते काय?"

मित्रांनो, कुऱ्हाडींचे घाव मी स्वतः अंगावर झेलले होते. झाड कुणी तोडलं ते साऱ्यांनी पाहिलं होतं. पण जो निघून गेला त्याची भीती वाटत होती आणि जी बोलू शकत नव्हती ती समोर होती. राग कुणावर काढायचा, हे माणसं फार लवकर ठरवतात.

फांद्या तोडणाऱ्यांत सुकलू होता. सुकलू पत्रूच्या घरचा लमझना. लमझना म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. ज्या मुलाकडे मुलीच्या बापाला देण्यासारखं काही नसतं, तो लग्नाआधी त्या घरी जाऊन राहतो आणि ठरलेली पिकं, म्हणजे तितके हंगाम, राबतो. पिकं पुरी झाली की त्या घरच्या मुलीशी त्याचं लग्न लागतं. सुकलूचे आईबाप पटकीत गेले होते. एक आत्या तेवढी होती, नाल्यापलीकडच्या टोल्यावर. बुधरीसाठी तो पत्रूकडे राबायला आला होता. मोठ्या हाडाचा, थोडं बोलणारा, मान खाली घालून काम करणारा मुलगा. त्याने मला सालीच्या तुकड्यासकट फांदीवरून सोडवलं आणि गमछ्यात गुंडाळून घरी आणलं.

"काऊन आणलं हे?" बुधरीने विचारलं.

"तुयाच झाडाचं होये," तो म्हणाला. "झाड त गेलं. हे त राहू दे."

बुधरीने मला हातात घेतलं. मोह पडल्यापासून ती जेवली नव्हती. त्या संध्याकाळी जेवली.

आता सुकलूवरचा माझा राग सांगते. हो, त्याच्यावरही! त्याने मला मातीत लावलं. मडकं आणलं, त्यात बांधीतली, म्हणजे भाताच्या खाचरातली, काळी माती भरली, वर शेणखत टाकलं, माझी मुळं आत गाडली आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी ओतू लागला. मनात माया होती हे मला कळत होतं. पण मायेने गुदमरलं म्हणून गुदमरणं काही कमी होत नाही. माझ्या मुळांना वारा लागतो. ओली झाली की ती हिरवी होतात, मग सुकून चांदीसारखी पांढरी होतात, आणि पुन्हा पाणी हवं ते तेव्हा. इथे त्यांना सुकायलाच मिळेना. ती काळी पडली, मऊ झाली, खालची पानं पिवळी होऊन गळाली. मी वास मारू लागले. जिला वासासाठी ओळखायचं, ती मी असा वास मारू लागले!

एक दिवस बुधरीने मडकं उचललं आणि अंगणात आपटलं. मला वाटलं, आता उकिरड्यावर. पण ती खापऱ्यांतून मला उचलत सुकलूवर ओरडत होती. "हे झाड जमिनीत होतं काय? डोक्याच्या वर होतं! तिथी कोन टाकत होतं याले शेण? कोन ओतत होतं तांब्या?"

"मले वाटलं, भूक लागत असंन," सुकलू म्हणाला.

"भूक लागते त याले हवा दे!"

तिने सडलेली मुळं विळ्याने कापली आणि कापलेल्या जागी चुलीची राख लावली. मोहाच्याच वाळक्या फांदीचा हातभर तुकडा आणला. पळसाच्या मुळांच्या दोरीने मला त्यावर बांधलं. फार आवळून नाही, सैलही नाही. आणि पूर्वेच्या वळचणीला टांगलं. तिथे सकाळचं कोवळं ऊन येई आणि दुपारचं येत नसे. मग आमची रीत पडली. बुधरी पाणी भरून आली की आधी माझी मुळं बघे. पांढरी दिसली तरच शिंपडे, हिरवी दिसली तर तशीच पुढे जाई. तांदूळ धुतलेलं पाणी कधीमधी, तेही पातळ करून. पावसाळ्यात ती माझ्याकडे ढुंकून बघत नसे, कारण मला गरजच नसे. थंडीत ऊन वर आल्यावर थोडंसं पाणी, तेही दिवसाआड. आणि वैशाखात, झळा सुरू झाल्या की ती मला आत पाण्याच्या माठांजवळ नेई आणि बाजूला ओलं पोतं टांगे. तिला हे एकदम समजलं नाही. पहिल्या हिवाळ्यात तिने मला कडाक्याच्या थंडीत रात्रभर ओलं ठेवलं आणि माझं एक पान गेलं. तिने ते पान बघितलं, स्वतःलाच एक शिवी दिली आणि पुन्हा तसं केलं नाही. संगोपन म्हणतात ते एवढंच असतं, मित्रांनो. चूक दिसली की थांबायचं. पण तेवढंच लोकांकडून होत नाही.

मला नवी मुळं फुटली. फांदीच्या तुकड्याला धरून ती खाली हवेत लोंबू लागली. सुकलू शेतावरून आला की क्षणभर माझ्याखाली उभा राही आणि एखादं नवं टोक दिसलं तर बुधरीला दाखवी. "पाय, फुटून राह्यलं." दोघांना एकमेकांजवळ उभं राहायला ते एक निमित्त होतं. नाहीतर पत्रूच्या डोळ्यांसमोर लमझन्याने मुलीशी बोलायचं कसं?

ठरलेली पिकं होऊन गेली. सुकलूने पत्रूच्या बांध्यांचे फुटलेले बांध घातले, पडीक जागेतली झुडपं काढून एक नवी बांधी केली, घराचं छप्पर नव्याने शाकारलं. लग्नाचं नाव निघालं की पत्रू म्हणे, "अजून एक पीक होऊ दे." पुढच्या साली तेच. त्याच्या पुढच्या साली तेच. सुकलू मान हलवी आणि नांगर खांद्यावर घेई. मला त्याच्या त्या मान हलवण्याचा संताप येई. अरे, बोल ना! मला तोंड नाही. तुला आहे!

पत्रूचे गुडघे धरू लागले होते. धानोऱ्याच्या बाजारात कुणा वैदूने त्याला सांगितलं की रास्नेचं मूळ तेलात उकळून चोळलं तर सांधे मोकळे होतात. वैदूचं खरं की खोटं, ते मी सांगत नाही. पत्रू घरी आला तेव्हा बुधरी आणि सुकलू भाताच्या रोवणीला गेले होते. त्याने माची, म्हणजे बसायची छोटी बाज, ओढली, वर चढला आणि विळ्याने माझी मुळं कापली. एक नाही, दोन नाही. हवेत लोंबणारी सगळी. जी इतक्या वर्षांनी आली होती ती सगळी त्याने मुठीत धरून कापली, जशी गवताची पेंढी कापावी. बांदा म्हणत होता ना मला? झाड खाते म्हणत होता? मग आता कुणी कुणाला खाल्लं?

बुधरी चिखलाच्या पायांनी आली आणि माझ्यासमोर थांबली. मग तिने चुलीवरच्या तेलात बघितलं.

"बा, हे काय केलं?"

"गुडघा दुखून राह्यला माया. बांद्याचीच मुळं त होती."

"मले मागितलं असतं त म्या हातानं एक कापून देली असती. एक! सारी काऊन कापली?"

"घर माया, वळचण माई," पत्रू म्हणाला. "मी कोनाले मागू?"

 बुधरीने कापलेल्या ठिकाणी राख लावली. मला उन्हातून काढून सावलीत टांगलं आणि मुळं नसलेल्या मला रोज पानांवर पाण्याचा हात फिरवून जगवलं. रास्नेला मुळं नसली तर ती पानं खाऊन जगते, स्वतःचीच. माझी चार पानं त्या साली सुरकुतून गेली. नंतरच्या पावसाळ्यात एक मूळ आलं. मग दुसरं. तेलाने पत्रूचे गुडघे काही सुधारले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पुढे एका उन्हाळ्यात, मोहफुलांचे दिवस संपताना, मला तुरा आला. मोह पडल्यापासूनचा पहिला. नऊ फुलं! त्या वासाने घर भरून गेलं. सुकलू कामावर जाताना आणि येताना उगाच वळचणीखालून जाऊ लागला. बुधरी फुलांना हात लावत नसे. माझी फुलं झाडावर ठेवली तर महिना-महिना टिकतात, हे मी मोहावर असतानाच तिने पाहिलं होतं. "यंदा बाले बोलतो," सुकलू तिला एका सकाळी माझ्याखाली म्हणाला. "पिकं कवाचीच झाली." तो हे स्वतःहून म्हणाला. त्याच्या तोंडून ते ऐकायला मी किती वर्षं थांबले होते!

तो बोलायच्या आत पत्रूने पाहुणे बोलावले. कुरखेड्याकडून एक घर आलं. मुलाचं नाव कोलू. त्यांच्याकडे दोन जोड्या बैल, विहीर, कौलारू घर. कोलू बिचारा साधा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. पत्रूने ओसरीवर घोंगडं अंथरलं. सुकलूला पाणी आणायला सांगितलं. सुकलूने पाणी आणलं. पाहुण्यांचे पाय धुवायला दिलं आणि त्यांच्या बोलण्यावरून ते कशाला आलेत हे त्याला तिथे उभ्याउभ्या कळलं. तांब्या हातात तसाच राहिला.

कोलूची आई वच्छलाबाई ओसरीवरून उठून वळचणीखाली आली. "अगंबाई, वास कायचा आहे!" असं म्हणत तिने हात वर केला आणि माझा तुरा देठापासून मोडला. मोडताना एक पानही फाटलं. तिने तो अंबाड्यात खोवला आणि हसत मागे वळली.

समोर बुधरी उभी होती, हातात गुळाच्या पाण्याचे पेले घेऊन.

तिने पेले खाली ठेवले. पुढे गेली, वच्छलाबाईच्या अंबाड्यातून तुरा काढून घेतला आणि म्हणाली, "बाई, हे फूल तुमच्यासाठी नव्हतं."

"एका फुलासाठी पाहुणीच्या डोक्याले हात लावते?"

"फुलाले बी हात लावला ना तुमी, न विचारता. या घरी कोनीच कोनाले विचारत नाई. मले बी नाई विचारलं. ज्यानं तुमचे पाय धुवायले पानी देलं, त्याच्यासंगं माया लगन ठरलं आहे. किती तरी पिकं राबला तो. बाले विचारा."

 कोलूने आधी सुकलूकडे बघितलं, मग पत्रूकडे, आणि तो उठला. "आये, चाल," तो म्हणाला. वच्छलाबाई रागाने लाल झाली होती, पण तिचा राग बुधरीवर होता की पत्रूवर, हे तिलाही कळलं नसावं. जाताना ती पत्रूला एवढंच म्हणाली, "भाऊ, आधी घरातलं निपटवा, मंग पाहुने बोलवा."

बैलगाडी गेली आणि पत्रूने काठी उचलली. ठेकेदाराच्या माणसासमोर जी निघाली नव्हती ती काठी. एका फटक्यात त्याने मला वळचणीवरून पाडलं, उचललं आणि उकिरड्यावर भिरकावलं. मग सुकलूकडे वळला.

"तू बी निघ! इतके साल माया घरी खाऊन मोठा झाला. बांदा आहेस तू, बांदा! माया झाडावर बसून मलेच खाल्लं!"

सुकलू उभा होता. नवी बांधी ज्याने केली, छप्पर ज्याने शाकारलं, तो. त्याने हातातला तांब्या ओसरीच्या कडेला नीट ठेवला, गमछा खांद्यावर टाकला आणि निघाला. काही न बोलता! मी उकिरड्यावर उलटी पडले होते, शेणात तोंड घालून, आणि मला पत्रूइतकाच त्याचा राग आला होता.

पण बुधरी होती. तिने मला उकिरड्यावरून काढलं, पाण्याने धुतलं, पानं पुसली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मला काखेत घेऊन ती बापासमोरून घराबाहेर पडली. "कुठी चालली?" तो ओरडला. "मायं घर आहे तिथी," ती म्हणाली आणि नाला ओलांडून पलीकडच्या टोल्यावर गेली, सुकलूच्या आत्याकडे. आत्याचं नाव रुखमा. एकटी म्हातारी, एक झोपडी, दारात एक चिंच. बुधरी सरळ आत जाऊन चुलीजवळ बसली. मुलीने अशी आपल्या पायांनी येऊन चूल धरली की लग्नच झालं, अशी तिकडची रीत होती. पण नंतर पंचांसमोर ते टिकावं लागे.

"पोरी," रुखमा घाबरून म्हणाली, "इथी खायाले कोदो बी पुरत नाई."

"आत्या, मी खायाले नाई आली. राहायले आली."

सुकलू जंगलातून सरपण घेऊन आला आणि दारातच थांबला. मोळी डोक्यावर तशीच. बुधरीने त्याच्याकडे बघून म्हटलं, "मोळी खाली ठेव. आन पंच बसन तवा तोंड उघडजो. तू चूप बसला त मी तुया बी घरून निघून जाईन." हे ऐकून मला जे बरं वाटलं, ते मला फुलं आल्यावरही वाटलं नव्हतं.

पंच रुखमाच्या अंगणातच बसले. मला चिंचेच्या फांदीला बांधलेलं होतं, त्यामुळे मी सारं ऐकलं. भूमिया झिंगू मध्ये बसला होता. भूमिया म्हणजे तिकडचा गावपुजारी, त्याचा शब्द मोठा. पत्रूने सांगितलं की पोर पळवली, लमझन्याने घर बुडवलं, फुकट खाल्लं.

झिंगूने सुकलूला विचारलं, "तुले काई सांगाचं आहे?"

सुकलूने मान खाली घातली. बुधरी दाराशी उभी होती.  मग सुकलूने मान वर केली.

"भाऊ, मी खाल्लं," तो म्हणाला.  "दोन वेळ खाल्लं. जे खाल्लं ते म्याच पिकवलं होतं. त्याहून जास्त जे पिकलं, ते यायच्या धान ठेवाच्या ढोलीत गेलं. ठरलेली पिकं झाली, वरची बी झाली. मी फुकट खाल्लं म्हनतात, त यायनं मले एक सांगावं. मी आलो तवा बांध्या किती होत्या, आन आता किती आहेत?"

 सगळ्यांना ती नवी बांधी ठाऊक होती. तिच्यातलं धान ज्यांनी कापायला मदत केली, त्यातले दोघं पंचांतच बसले होते. झिंगूने पत्रूकडे बघितलं. पत्रूने जमिनीकडे बघितलं.

"पोरगी आपल्या पायानं आली," झिंगू म्हणाला. "आन पोट्ट्याची पिकं फिटली. लगन झालं. पत्रू, जेवन तू देजो."

पत्रू उठला. "माई पोर मेली मले," असं म्हणून तो नाला ओलांडून गेला. जेवण दिलं ते रुखमाने, कोदोचा भात आणि कोचईची भाजी. साऱ्या टोल्याने ते खाल्लं.

मला तिथे बरं आहे. चिंचेच्या फांदीवर मी मुळं धरली. जिवंत झाडाची साल वाळक्या लाकडाहून केव्हाही बरी. बुधरी मुळं बघून पाणी देते. सुकलू आता जरा जास्त बोलतो.

पाऊस सुरू झाला आणि पत्रूकडे रोवणीला माणूस उरला नाही. पऱ्हे, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं, उंच होऊन पिवळे पडू लागले आणि गुडघ्यांमुळे त्याला चिखलात उतरता येईना. एका दुपारी तो काठी टेकत रुखमाच्या अंगणात आला. भिजलेला होता. दारात उभं राहून बुधरीला म्हणाला, "त्याले सांग, रोवणी राह्यली म्हना."

"कोनाले?" बुधरीने विचारलं.

"त्याले. तुया मानसाले."

"बा, त्याले नाव आहे. इतके साल तुया घरी राबला, तू त्याले एकदा बी नावानं हाक नाई मारली. ए, अरे, लमझन्या, बांदा. मी मोजत होती. आता त्याले बोलवाचं असंन त नावानं बोलव."

सुकलू आत बसला होता. ऐकत होता. पत्रू तसाच उभा राहिला, पागोळ्यांचं पाणी त्याच्या पाठीवर पडत होतं.  शेवटी खूप हळू, पण ऐकू येईल असा, तो म्हणाला, "सुकलू... येतोस काय बाबा?"

सुकलू बाहेर आला. गमछा डोक्याला गुंडाळत म्हणाला, "येतो. पर दिवस मावळला की आपल्या घरी वापस येईन." आणि दोघं पावसात नाल्याकडे चालू लागले. पुढे सुकलू, मागे पत्रू, आणि उतारावर सुकलूने मागे हात दिला.

बुधरीने त्या दिवशी बापाला माफ केलं. तिचे डोळे पाहिले तेव्हाच मला ते कळलं. ती मुलगी आहे, तिने करावं. मी केलेलं नाही. माझ्या अंगावर त्याच्या विळ्याचे वण आहेत, आणि ते मी एका हाकेने विसरणार नाही.

मित्रांनो, तुम्ही जंगलात याल तेव्हा फांदीवर मी किंवा माझ्यासारखी कुणी दिसेल. तिला तिथेच राहू द्या. झाड पडलं, फांदी मोडली आणि तिला घरी आणायची वेळ आलीच, तर मातीत गाडू नका. लाकडावर बांधा, वारा लागू द्या, दुपारच्या उन्हात ठेवू नका आणि पाणी देण्याआधी तिची मुळं बघा. फूल आलं तर डोळ्यांनी बघा, नाकाने घ्या. औषधाला मूळ हवं असेल तर एक घ्या आणि ती पुन्हा भरून येईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. आणि तिच्याविषयी काही वाईट बोलायचं असेल, तर आधी जवळ जाऊन नीट बघा की ती खरोखर काय करते आहे.

एवढं होत नसेल, तर वर न बघता पुढे चालते व्हा.